लायसन चालू असताना 'सस्पेंडेड' म्हणून अटक झाली, तर अमेरिकेत भरपाई कशी मागायची

अमेरिकेत गाडी चालवणाऱ्या आपल्या मंडळींनी हे एकदा वाचून ठेवा, कारण हे लचांड कुणाच्याही मागे लागू शकतं. तुमचं लायसन व्यवस्थित चालू आहे, फाइन भरलेला आहे, इन्शुरन्स आहे, आणि तरी एक दिवस मागून लाल-निळे दिवे लागतात, पोलीस त्याच्या कॉम्प्युटरवर बघतो, तिथे 'सस्पेंडेड' दिसतं आणि थोड्या वेळात तुम्ही बेड्या घालून त्याच्या मागच्या सीटवर असता आणि तुमची गाडी टो ट्रकवर. आपल्याकडे लायसनची भानगड म्हणजे बहुतेक वेळा पावती फाटणार, पण इथे न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत सस्पेंडेड लायसनवर गाडी चालवणं हा सरळ फौजदारी गुन्हा आहे. आणि 'एवढ्याशा गोष्टीला अटक कशी करतात' हा मुद्दा तर विसराच, टेक्सासच्या एका बाईने सीटबेल्ट लावला नव्हता म्हणून १९९७ मध्ये तिला अटक केली होती आणि २००१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ती अटकसुद्धा घटनेत बसते असं सांगितलंय.

मी वकील नाही. ओळखीतल्या एका मुलाच्या प्रकरणात कागद गोळा करण्यापासून वकील शोधण्यापर्यंत बरोबर होतो आणि त्या नादात बरंच वाचलं, ते इथे लिहितोय. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत त्यामुळे शेवटी तुमच्या राज्यातला सिव्हिल राइट्सवाला वकील गाठावाच लागेल, पण वकिलाकडे जाईपर्यंत जे हातचं जातं ते जाऊ नये एवढ्यासाठी हे.

सगळ्यात आधी एक कडू गोष्ट. 'माझी काही चूक नव्हती, मला पकडलं, आता पैसे द्या' एवढ्यावर इथे काही मिळत नाही. पोलिसाच्या स्क्रीनवर सस्पेंडेड दिसत होतं आणि त्याने त्यावर विश्वास ठेवला, तर बहुतेक कोर्टं म्हणतात की त्याच्याकडे अटकेला पुरेसं कारण होतं, माहिती खोटी निघाली म्हणून त्याची अटक बेकायदा होत नाही. वर त्याला 'क्वालिफाइड इम्युनिटी' नावाचं, त्याच्यावरच्या दाव्यापासून वाचवणारं कवच असतं ते वेगळंच. त्यामुळे तुमची केस कुठे उभी राहते तर दोन प्रश्नांवर: मुळात चूक केली कुणी, आणि ही चूक आहे हे कुणाला कधी कळलं. जे काही कागद जमवायचे ते या दोन प्रश्नांची उत्तरं म्हणून जमवायचे, हे डोक्यात पक्कं ठेवा.

हे किती कडक आहे त्याची दोन उदाहरणं सांगतो, दोन्ही सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेली. १९७२ च्या डिसेंबरमध्ये टेक्सासमध्ये मॅककॉलन नावाच्या माणसाला पकडलं, कारण त्याच्या भावाने त्याच्या नावाचं लायसन बनवून घेतलं होतं आणि भावाच्या गुन्ह्याचं वॉरंट याच्या नावावर निघालं. बिचारा ओरडून सांगत होता की तो मी नव्हेच, पण नवीन वर्ष उजाडेपर्यंत आतच राहिला, मग २ जानेवारीला कुणीतरी फाइलमधला फोटो त्याच्या चेहऱ्याशी ताडून बघितला आणि सोडलं. १९७९ मध्ये कोर्टाने काय म्हणावं, तर वॉरंट कायदेशीर होतं, तीन दिवसांत घटनेचा भंग होत नाही, फेडरल (म्हणजे राज्याच्या नव्हे, देशपातळीच्या) कोर्टात भरपाई नाही. दुसरा फ्लॉरेन्स, न्यू जर्सीचा. २००५ मध्ये बायको गाडी चालवत होती, गाडी याच्या नावावर, थांबवून तपासलं तर जुन्या फाइनपायी वॉरंट दिसलं. फाइन त्याने कधीच भरला होता आणि भरल्याचा कागद गाडीतच ठेवला होता, तरी आत गेला, आठवडाभर दोन काउंटी (म्हणजे जिल्ह्यासारखा भाग) जेलांत राहिला, दोन्हीकडे कपडे उतरवून झडती. ती झडतीची केस २०१२ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी हरला. हे वाचून हात टेकू नका, पण वकील पहिल्या भेटीत का कू करायला लागला तर का करतोय ते तुम्हाला कळलं पाहिजे.

मग पैसे मिळतात कुठे? जिथे पोलिसाला चूक दिसत होती तरी त्याने डोळे मिटले तिथे, जिथे जेलवाल्यांना कळलं की हा माणूस चुकून आत आलाय तरी त्यांनी सोडायला अजून रात्रभर लावली तिथे, आणि जिथे लायसन खात्याने किंवा कोर्टाच्या ऑफिसने नुसती नोंद करायचं कारकुनी काम केलं नाही तिथे, राज्याच्या कायद्याखाली. हा तिसरा रस्ता लोकांना माहीतच नसतो, सगळे पोलिसाच्याच मागे लागतात.

चूक कुठे शिजते

माझ्या बघण्यात-वाचण्यात आलेले प्रकार असे. कोर्टात फाइन भरला, पण कोर्टाने लायसन खात्याला कळवलंच नाही. किंवा कळवलं आणि खात्याने चढवलं नाही. इन्शुरन्स कंपनी बदलली आणि नव्या कंपनीने गाडीचा नंबर कळवताना एक अक्षर चुकवलं, खात्याला वाटलं गाडीला इन्शुरन्सच नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलात, जुन्या राज्यातली एखादी लटकलेली नोंद राज्यांच्या आपसातल्या देवाणघेवाणीतून नव्या राज्यात आली, तुम्हाला पत्ता नाही. आणि आपल्या लोकांचा खास प्रकार म्हणजे नाव. अमित पाटील, राहुल जोशी, स्नेहा कुलकर्णी असे एका राज्यात किती असतील, त्यात कुणी वडिलांचं नाव मिडल नेम म्हणून टाकलंय कुणी नाही, कुणाच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा, आणि जन्मतारीख जुळली की दुसऱ्याचं पाप आपल्या माथी.

एक मात्र प्रामाणिकपणे तपासा. तुम्ही घर बदललं, पत्ता बदलल्याचं खात्याला कळवलं नाही, सस्पेंशनची नोटीस जुन्या घरी गेली, हा खात्याच्या चुकीचा प्रकार नाही, इथे सस्पेंशन बहुतेक वेळा खरंच लागू असतं. तसंच लायसन एक्सपायर होणं आणि सस्पेंड होणं वेगळं. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांचं लायसन बरेचदा आय-९४ च्या (देशात राहायच्या परवानगीच्या) तारखेला बांधलेलं असतं, एक्स्टेंशन अडकलं की लायसन संपतं, ते सस्पेंशन नाही. पण एक्सपायर झालेलं असताना पोलिसाने सस्पेंडेडचा गुन्हा लावला असेल तर तोही मुद्दा आहे, वकिलाला सांगा.

सुटून आल्यावर पहिले काही दिवस

(रस्त्यावर असताना काय, तर हात दिसतील असे ठेवा, वाद घालू नका, पण तुमच्याकडे कागद असेल तर तो आहे असं मोठ्याने, स्पष्ट, तारखेसकट सांगा, कारण कॅमेऱ्यात आवाज जातो. बाकी प्रश्नांना वकील पाहिजे एवढंच उत्तर. आणि तुम्ही भारतीय नागरिक असाल तर भारतीय कॉन्सुलेटला कळवा असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे, ते आपणहून कळवणार नाहीत, तुम्ही मागायला पाहिजे.)

घरी आल्यावर पहिला मोह काय होतो तर धावत लायसन ऑफिसला जायचं आणि रेकॉर्ड दुरुस्त करून घ्यायचं. थांबा. दुरुस्ती करायचीच आहे पण त्याआधी आत्ता रेकॉर्ड जसं चुकीचं आहे तसं त्याची सर्टिफाइड कॉपी काढा. इथे त्याला ड्रायव्हिंग ॲब्स्ट्रॅक्ट किंवा ड्रायव्हर हिस्टरी म्हणतात, थोडे डॉलर पडतात. कारण एकदा कारकुनाने बटण दाबून ते सरळ केलं की उद्या ऑफिस म्हणेल आमच्याकडे तर कधी सस्पेंडेड नव्हतंच. मग दुरुस्ती झाल्यावर दुसरी कॉपी काढा. ही दोन पानं शेजारी ठेवली की अर्धं काम होतं. आणि कारकुनाला गोडीत विचारा की ही नोंद कधी टाकली, कधी काढायला पाहिजे होती, कोर्टाकडून कळवलं कधी आलं. काउंटरवरची माणसं बरेचदा स्क्रीन बघून सरळ सांगून टाकतात, "अहो हे तर मार्चमध्येच क्लिअर झालंय, कुणी बंद केलं नाही." असं कुणी बोललं तर तारीख, वेळ, खिडकी नंबर, बॅजवरचं नाव बाहेर येऊन लगेच लिहून ठेवा, आणि घरी जाऊन तेच एका इमेलमध्ये ऑफिसला पाठवा की आज तुमच्याकडे मला असं असं सांगण्यात आलं.

त्यानंतर पोलिसांकडचे कागद. अर्ज लेखी करायचा, राज्याच्या माहिती कायद्याखाली, न्यू जर्सीत त्याला ओप्रा म्हणतात, न्यूयॉर्कमध्ये फॉइल, आपल्या आरटीआयसारखंच. काय मागायचं तर अटकेचा रिपोर्ट, बॉडीकॅम आणि गाडीतल्या कॅमेऱ्याचं फुटेज, डिस्पॅचचा (पोलीस कंट्रोल रूमचा) लॉग आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या पोलिसाने तुमचं नाव किंवा नंबर टाकल्यावर त्याच्या स्क्रीनवर नेमकं काय उत्तर आलं त्याची नोंद. हे शेवटचं लोक मागतच नाहीत. स्क्रीनवर 'सस्पेंडेड' आलं होतं की 'रेकॉर्ड तपासा' असं काहीतरी अर्धवट आलं होतं, की दुसऱ्याच कुणाची जन्मतारीख आली होती, यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. जेलकडून आत घेतल्याची आणि सोडल्याची वेळ. फुटेज काही ठिकाणी थोड्या महिन्यांत पुसलं जातं, म्हणून अर्जाचं उत्तर येईल तेव्हा येईल, त्याआधीच एक वेगळं पत्र सर्टिफाइड मेलने पाठवा की यावर दावा होणार आहे, काही पुसू नका. हे पत्र वकिलाच्या लेटरहेडवर गेलं तर जास्त चांगलं, पण वकील मिळेपर्यंत वाट बघू नका.

ज्या मुलाच्या प्रकरणात मी होतो (राज्य सांगत नाही), त्याचं इन्शुरन्सचंच लफडं होतं, सगळं मिटवून खात्याचं पत्र त्याने ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवलं होतं. अटकेच्या रिपोर्टमध्ये लिहिलेलं की ड्रायव्हरने कोणताही कागद दाखवला नाही. फुटेज आलं तेव्हा त्यात स्पष्ट दिसतंय, पोलीस दोन्ही हातांनी ते पत्र उलगडतोय, वरचा शिक्का बघतोय, घडी करून परत देतोय आणि म्हणतोय, कॉम्प्युटर काही वेगळं सांगतोय, जजला दाखव. पत्रावर खात्याचा फोन नंबर होता, दुपारची वेळ, ऑफिस चालू, एक फोन केला नाही. केसमध्ये जो काही जीव आला तो या तेवढ्याशा तुकड्याने, कारण 'मला माहीत नव्हतं' म्हणायची सोय गेली आणि रिपोर्टही खोटा पडला.

गुन्हा कबूल करू नका, सही करू नका

याच्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे कारण इथेच सगळ्यात जास्त लोक माती खातात. अटकेनंतर कोर्टाची तारीख लागते. तिथे सरकारी वकील, त्याला इथे प्रॉसिक्युटर म्हणतात, तो किंवा त्याचा मदतनीस बाहेर पॅसेजमध्येच तुम्हाला गाठतो आणि म्हणतो की सस्पेंडेडचा गुन्हा काढून टाकतो, तुम्ही छोटं तिकीट घ्या, शंभर-दोनशे डॉलर भरा आणि घरी जा. तुमची रजा संपलेली असते, बॉसचे मेसेज येत असतात, भारतातून आई फोनवर विचारत असते की काय झालं, कोर्टात का गेलास, आणि दीडशे डॉलरमध्ये सुटका म्हणजे स्वस्तात पडलं असं वाटतं. ते तिकीट घेतलंत की तुम्ही स्वतःच्या तोंडाने काहीतरी गुन्हा केल्याचं कबूल केलंत, आणि पुढे भरपाई मागायला गेलात की समोरचा पहिल्याच पानावर तेच लिहिणार. सुप्रीम कोर्टाचा १९९४ चा निकाल आहे की जो दावा जिंकल्याने तुमची शिक्षाच खोटी ठरेल तो दावा, शिक्षा उभी असेपर्यंत चालत नाही. म्हणून केस पूर्ण डिसमिस करून घ्यायची, तडजोड नाही. तुमच्याकडे ते दुसरं, दुरुस्त झालेलं ॲब्स्ट्रॅक्ट असेल तर डिसमिस व्हायला फार अडचण येत नाही, उगीच घाबरून तडजोड करण्यात काही अर्थ नाही.

आधी अजून एक कटकट होती, की नुसतं डिसमिस झालं म्हणून चालायचं नाही, तुम्ही निर्दोष आहात असं कुठेतरी दिसायला पाहिजे असं बरीच कोर्टं म्हणायची. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते मिटवलं, शिक्षा न होता केस संपली एवढं पुरे. खोट्या खटल्याबद्दलचा फेडरल दावा करायचा असेल तर हे उपयोगाचं आहे.

आणि दुसरा सापळा. कधी कधी प्रॉसिक्युटर म्हणतो, केस काढतो, पण या कागदावर सही करा की तुम्ही शहरावर किंवा पोलिसांवर दावा करणार नाही. हे बेकायदा असेल असं आपल्याला वाटतं, पण नाही, १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की माणसाने समजून-उमजून, स्वखुशीने सही केली असेल तर असा करार टिकू शकतो. त्यामुळे कोर्टात कुणीही कसलाही कागद पुढे केला तर वकिलाला दाखवल्याशिवाय पेन काढायचं नाही. फौजदारी बाजूला पब्लिक डिफेंडर (सरकारने दिलेला बचावाचा वकील) मिळाला असेल तर त्याला पहिल्या मिनिटाला सांगा की मला नंतर दिवाणी दावा करायचाय, कारण तो बिचारा रोज पन्नास केसेस निपटत असतो, तुम्हाला लवकर बाहेर काढणं एवढंच त्याच्या डोक्यात असतं आणि त्याच्या जागी ते बरोबरच आहे.

नोटीसची मुदत, हिच्यात चुकलात तर बाकी सगळं फुकट

सगळीकडे ऐकायला मिळतं की दावा करायला दोन वर्षं असतात. अर्धसत्य. सरकारी खात्याविरुद्ध राज्याच्या कायद्याखाली मागायचं असेल तर आधी एक नोटीस द्यावी लागते आणि तिची मुदत फार छोटी असते. न्यू जर्सीत ९० दिवस, नोटीस दिल्यावर सहा महिने थांबायचं आणि मग कोर्टात. न्यूयॉर्क शहराविरुद्ध ९० दिवसांत कंट्रोलरच्या (शहराचे हिशेब बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या) ऑफिसला नोटीस, मग ते तुम्हाला बोलावून शपथेवर प्रश्न विचारतात (तिथे वकिलाशिवाय जाऊ नका), आणि शहरावरचा दावा एक वर्ष ९० दिवसांत. पण चूक न्यूयॉर्क राज्याच्या लायसन खात्याची असेल तर शहराला नोटीस देऊन उपयोग नाही, राज्यावरचे दावे कोर्ट ऑफ क्लेम्स नावाच्या वेगळ्या कोर्टात जातात, तिथेही ९० दिवस आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलला रीतसर बजावावं लागतं, साधं पोस्टाने टाकलं तर त्या एका कारणावर दावा उडतो. कॅलिफोर्नियात सहा महिने, राज्याच्या खात्याविरुद्ध असेल तर राज्याच्या क्लेम प्रोग्रॅमकडे २५ डॉलर भरून अर्ज, शहराचे पोलीस असतील तर त्या शहराच्या क्लार्ककडे, त्यांना उत्तराला ४५ दिवस असतात आणि लेखी नकार आला की तिथून सहा महिन्यांत कोर्टात जायचं. टेक्सासचा राज्य कायदा तर खोट्या अटकेचा दावा घेतच नाही, ह्यूस्टन-डॅलसवाल्यांना बहुतेक फेडरल रस्ताच उरतो.

चूक कुणाची ते पहिल्या ९० दिवसांत नक्की कळेलच असं नाही. म्हणून वकील लोक काय करतात, तर शहर, काउंटी, राज्य, सगळ्यांना नोटीस ठोकून देतात, नंतर ज्यांचा संबंध नाही त्यांना वगळता येतं, पण ज्याला नोटीस दिली नाही त्याला नंतर ओढणं महाकठीण. नोटीसमध्ये लांबलचक कहाणी नको, तारीख, वेळ, जागा, काय झालं, कुणाची कशी चूक, काय नुकसान, एवढंच, पण त्यात रेकॉर्डची चूक आणि अटक आणि जेलमधला जादा वेळ हे तिन्ही मुद्दे वेगवेगळे लिहा, कारण नोटीसमध्ये नसलेला मुद्दा नंतर कोर्टात घुसवता येत नाही असा वाद घालतात.

फेडरल दावा की राज्यातला

फेडरल दावा म्हणजे सेक्शन १९८३ (हे वर्ष नाही, कलमाचा नंबर आहे, कायदा १८७१ चा). पोलिसाने किंवा जेलरने तुमच्या घटनात्मक हक्कांचा भंग केला म्हणून. त्याला राज्याची नोटीस लागत नाही, मुदत राज्याच्या इजेच्या दाव्याइतकी, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सासमध्ये दोन वर्षं, न्यूयॉर्कमध्ये तीन, आणि खोट्या अटकेच्या दाव्यात ही मुदत सुटलात किंवा जजसमोर उभं केलं तेव्हापासून मोजतात, केस डिसमिस झाली तेव्हापासून नाही, हे लक्षात घ्या. पण या दाव्यात नुसता हलगर्जीपणा चालत नाही. कारकुनाने नोंद करायची विसरली हा घटनेचा भंग नाही असंच कोर्ट म्हणतं. आणि राज्यावर किंवा राज्याच्या खात्यावर फेडरल कोर्टात पैशाचा दावा मुळात चालत नाही. शहरावर किंवा काउंटीवर चालतो, पण एका पोलिसाने चूक केली म्हणून नाही, त्यांची पद्धतच तशी आहे हे दाखवावं लागतं, म्हणजे उदाहरणार्थ रेकॉर्ड जुनं असतं हे त्यांना माहीत आहे, आधीही लोक असे पकडले गेलेत, आणि तरी त्यांनी फोन करून खात्री करायचा नियम केलेला नाही. म्हणून आधीच्या तक्रारी शोधायच्या, स्थानिक पेपरात बातम्या येतात.

तर साधारण वाटणी अशी पडते: रेकॉर्डची चूक राज्याच्या कायद्याखाली, आणि पोलिसाने-जेलने दिसत असून केलेलं फेडरलमध्ये. बरेच वकील दोन्ही करतात. कोर्टाचे क्लार्क आणि जज यांना वेगळं संरक्षण असतं, त्यामुळे चूक कोर्टाच्या ऑफिसची निघाली तर सगळ्यात अवघड, ते आधीच सांगतो.

किती मागायचं

पावत्या जपा हो. टोचे पैसे, गाडी यार्डात जितके दिवस पडली त्याचं भाडं, जामीन, वकिलाची फी, बुडलेला पगार (तासावर काम करणारे आणि कॉन्ट्रॅक्टवाले, क्लायंटचा इमेल ठेवा), चुकलेलं फ्लाइट, मुलाला डेकेअरमधून उशिरा उचलल्याचा दंडसुद्धा. मग आत गेलेले तास, अपमान, झोप उडणं, त्यासाठी डॉक्टरकडे किंवा थेरपिस्टकडे गेलात तर त्याची नोंद. आपल्या माणसांना थेरपिस्टकडे जायचा संकोच असतो, पण 'मला फार त्रास झाला' हे नुसतं तोंडी सांगण्याला कोर्टात वजन नसतं. आकड्यांबद्दल फार स्वप्नं बघू नका. बातम्यांतले मिलियन डॉलर असतात ते वीस-वीस वर्षं चुकून जेलमध्ये काढलेल्यांचे, एका रात्रीचे नाहीत. आणि सेटलमेंटच्या पैशावर, शरीराला इजा झालेली नसेल तर, टॅक्स साधारण लागतो, सही करण्याआधी सीपीएला (इथल्या सीएला) विचारा.

वकील बहुतेक कंटिन्जन्सीवर घेतात, म्हणजे जिंकलं तर तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के. फेडरल दावा जिंकला तर समोरच्याकडून वकिलाची फी वेगळी मागता येते, त्यामुळे नुकसान कमी असलं तरी काही वकील तयार होतात. एकाने नाही म्हटलं की संपलं असं नाही, पण नकार घ्या तो लेखी आणि लवकर, आठ आठवडे 'बघतो' म्हणत फाइल दाबून ठेवणारा वकील तुमची नोटीसची मुदत खाऊन टाकतो. इमिग्रेशनवाला ओळखीचा वकील आहे म्हणून त्यालाच हे काम देऊ नका, हे वेगळं शास्त्र आहे. मात्र त्याचा सल्ला खालच्या गोष्टीसाठी लागणारच.

व्हिसा, ग्रीन कार्ड आणि ते अटकेचं रेकॉर्ड

अटकेत बोटांचे ठसे घेतले असतील तर ते एफबीआयपर्यंत जातात. केस डिसमिस झाली तरी ती नोंद आपोआप मिटेलच असं नाही. १८ डॉलर भरून एफबीआयकडून स्वतःचा रिपोर्ट मागवता येतो, त्यात शेवटचा निकाल चढलाय का ते बघा, बरेचदा अटक दिसते आणि निकालाची जागा रिकामी असते.

रेकॉर्ड सील (बंद) किंवा एक्स्पंज (पुसून) करून घेता येतं, न्यूयॉर्कमध्ये डिसमिस झालेली केस साधारण आपोआप सील होते, कॅलिफोर्नियात तर तुम्ही प्रत्यक्षात निर्दोष होता असं कोर्टाकडून म्हणवून घ्यायची वेगळी सोय आहे आणि त्याला अटकेपासून दोन वर्षांची मुदत आहे. पण घाई नको, आधी कोर्टाकडून डिसमिसलच्या सर्टिफाइड कॉपी काढा, दोन-चार जास्तच काढा, सगळं फुटेज आणि रिपोर्ट हातात येऊ द्या, मग सील. उलटं केलंत तर स्वतःच्याच केसचे कागद मिळवायला स्वतःलाच अर्ज करत बसाल.

आणि सील झालं म्हणून इमिग्रेशनच्या फॉर्मवर 'नाही' लिहू नका. डीएस-१६० या व्हिसाच्या फॉर्ममध्ये कधी अटक झाली होती का असा प्रश्न आहे, ग्रीन कार्डच्या आणि सिटिझनशिपच्या अर्जातही आहे, आणि तिथे रेकॉर्ड मिटवलेलं असलं तरी सांगावं लागतं. चुकीच्या अटकेने सहसा तुमचं काही बिघडत नाही, ती लपवली तर बिघडतं. 'हो' लिहायचं, खाली दोन ओळी, लायसन खात्याच्या नोंदीच्या चुकीमुळे अटक, केस डिसमिस, सोबत निकालाची सर्टिफाइड कॉपी आणि खात्याचं चूक झाल्याचं पत्र. मुंबईला स्टॅम्पिंगला जाताना हे हँडबॅगमध्ये ठेवा, चेक-इनमध्ये नाही. सेटलमेंटच्या वेळी बरेचदा गुप्ततेची अट घालतात, तिथे वकिलाला सांगून एवढं लिहून घ्या की इमिग्रेशन, नोकरीची बॅकग्राउंड तपासणी आणि इन्शुरन्स यांना खरी माहिती द्यायला ही अट आड येणार नाही. आणि जमलं तर पैशांच्या जोडीला लायसन खात्याकडून एक पत्रही मागून घ्या, की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत हे लायसन वैध होतं. खाती पैशांपेक्षा असं पत्र द्यायला जास्त कुरकुर करतात, पण चिकाटीने मागितलं तर देतात.